पायाळू लेकराचा दंड

फसली सन १३४६
कार्तिक वद्य ४

मुलगा झाला. हे वाक्य मी किती वर्षं मनात लिहून ठेवलं होतं. आज कागदावर लिहिलं आणि आनंद झाला नाही.

दुपारपासून चारुशीलेला कळा सुरू होत्या. आत माय होती आणि बयनाबाई सुईण. मी ओसरीवर माझ्या गिरदावरीचे, शेतसाऱ्याच्या दौऱ्याचे कागद उगाच चाळत बसलो होतो. दिवस कलला तेव्हा आतून बयनाबाई ओरडली, "पाय आले! थांबा, थांबा!" मग चारुशीलेची किंकाळी, आणि तिच्या मध्येच तो आवाज. कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मग पोर रडलं.

मायनं दार उघडलं. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. म्हणाली, "पोरगा हाय, व्यंकटेश. पायाळू. जिता हाय."

"तो आवाज कशाचा झाला?"

"कशाचा नाई," म्हणाली आणि नहाणीकडे निघून गेली.

पोराला पाहिलं. डावा हात मूठ आवळतो. उजवा लोंबतो. शिवलं की किंचाळतं. मी बयनाबाईला विचारलं, "हे काय केलंस?" ती खाली पाहत म्हणाली, "साहेब, दंडाचं हाड मोडलं. जुळते ते. दवाखान्यात दाखवून आना."

जुळते म्हणे. चूल लिंपायची राहिली असावी तसं म्हणाली.

कार्तिक वद्य ६

बैलांच्या दमणीत गादी टाकून चारुशीलेला आणि पोराला आदिलाबादेस नेलं. डॉक्टर साहेब म्हातारे आहेत. हात न दुखवता तपासला, मऊ फडक्यानं छातीशी बांधून दिला. म्हणाले, "उलटा बच्चा था, हात सर के ऊपर अटका होगा. खींचने में टूट गया. तीन हफ्ते में जुड़ जाएगा."

मी म्हटलं, "जिसने खींचा, कसूर उसका हुआ ना?"

ते म्हणाले, "बच्चा ज़िंदा है, गिरदावर साब. वो देखिए."

मी ते पाहत नाही. मी हात पाहतो.

येताना वाटेत चारुशीलेला विचारलं, "तिनंच ओढलं ना?" ती दमणीच्या मागच्या बाजूनं रस्त्याकडे पाहत होती. म्हणाली, "मले आता काई इचारू नका. मी मरून राह्यली होती तवा." मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या तोंडून ते वदवून घेण्यात अर्थ नाही. मला कळलं.

घरी आल्यावर मायला विचारलं. ती म्हणाली, "बाळंतपणात सुईनच हात लावते बापा. आनखी कोन लावन?"

झालं. आता मी आहे आणि बयनाबाई आहे. एका हाडाच्या बदल्यात दुसरं हाड घेतल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

कार्तिक वद्य ११

पाटलाला बोलावून सांगितलं, या गावात आणि माझ्या हद्दीतल्या कोणत्याही गावात बयनाबाईला बाळंतपणाला बोलवायचं नाही. पाटील म्हणाला, "साहेब, या अंगाला तेवढीच एक सुईन हाय." मी म्हटलं, "तेवढीच आहे म्हणून माजली." तो गप्प बसला. गिरदावरासमोर गप्प बसावं हे त्याला समजतं.

संध्याकाळी ती स्वतः आली. ओट्याखाली उभी राहिली. "साहेब, माझा हात नव्हता. घरात इचारा." माझ्या घरात येऊन माझ्याच माणसांकडे बोट! मी तिला हाकललं. मागे माय उभी होती. म्हणाली, "जाऊ दे ना, व्यंकटेश. गरीब हाय ते." मायचं मन असंच आहे, लोण्याचं. ज्या बाईनं नातवाचा हात मोडला तिच्यासाठीही तिला दया येते.

मार्गशीर्ष शुद्ध ३

काल पोलीस चौकीच्या अमीन साहेबांकडे गेलो. ते पान जमवत होते. सगळं सांगितलं. म्हणाले, "बाई का मामला है, लिखा-पढ़ी में मत पड़ो. बुला के समझा देता हूँ."

आज तिला चौकीवर बोलावलं. मी समोर खुर्चीवर होतो. तिनं जबाब दिला तोच: "माझा हात नव्हता." अमीन साहेबांनी विचारलं, "तो किसका था?" ती माझ्याकडे पाहत राहिली. उत्तर दिलं नाही. जवानाला इशारा झाला. त्यानं तिचे हात मेजावर ठेवायला लावले आणि रुळानं मारलं. उजव्या हातावर. ती ओरडली नाही, तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज आला फक्त. बोटं लगेच सुजली.

घरी आलो आणि पोटभर जेवलो. खोटं कशाला लिहू. बऱ्याच दिवसांनी भाकरीला चव होती.

मार्गशीर्ष शुद्ध १३

फडकं सोडलं. हात हलला! दंडावर सुपारीएवढी गाठ आहे, पण डॉक्टर साहेब म्हणतात तीही विरेल. सुधाकर नाव ठेवलं. त्यानं माझं बोट उजव्या मुठीत धरलं.

कोणाला वाटेल आता माझा राग गेला असेल. गेला नाही. उलट तो आता मोकळा झाला. इतके दिवस त्यात काळजी मिसळलेली होती.

माय पोराला जवळ घेत नाही. चारुशीला दुरून म्हणते, "घ्या ना आत्याबाई, तुमचाच नातू हाय." माय हात पदरात लपवते. म्हणते, हाताला सर्दी आहे, पोराला बाधेल.

पौष शुद्ध ८

बयनाबाईची झोपडी गायरानावर आहे. सरकारी जमीन. ती तिथे किती वर्षं राहते कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. काल तलाठ्याला घेऊन मोजणी केली आणि आज सामान बाहेर काढलं. एक खाट, मडकी, कोंबड्या. तिची मुलगी राही रडत होती. बयनाबाई रडली नाही. डाव्या हातानं मडकी उचलत होती, उजवा फडक्यात होता. जाताना माझ्याजवळ थांबली.

"साहेब, तुमच्या पोराचा हात हलते का?"

मी तलाठ्याकडे वळलो. दोघी पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेल्या. तिकडे इंग्रजाचा अंमल आहे, माझा हुकूम चालत नाही. नाहीतर मी तिला तिथेही स्वस्थ बसू दिलं नसतं.

माघ वद्य २

घरात शांतता आहे. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण लग्न झाल्यापासून अशी शांतता मी पाहिली नव्हती. मायनं कोठीच्या किल्ल्या चारुशीलेच्या हवाली केल्या. मी न सांगता! जी माय तिला वांझ म्हणायची, माझ्यासाठी दुसरी पोरगी पाहायला निघाली होती, ती आता "चारू, भाजी कोनती करू?" असं विचारते. चारुशीला बसल्या जागेवरून सांगते. मायनं रात्रीचं जेवण सोडलं आहे. विचारलं तर म्हणते नवस होता.

पोर घरात आलं की बायकांची भांडणं मिटतात असं ऐकलं होतं. खरं आहे.

आषाढ शुद्ध ५

वाईट बातमी. हणमंता कुणब्याची बायको शकुबाई बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं. नदीला पूर, दवाखाना लांब, सुईण नाही. सासूनं आणि जावेनं जमेल ते केलं. मूलही गेलं.

मी मर्तिकाला गेलो. माझ्याशी कोणी बोललं नाही. हणमंता नदीच्या अंगाला तोंड करून बसला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं खांदा काढून घेतला.

हे माझ्यामुळे झालं असं कोणी म्हटलं तर मी ऐकणार नाही. हे तिच्यामुळे झालं. पोरांची हाडं मोडणारी बाई होती म्हणून मला तिला काढावं लागलं.

घरी आल्यावर चारुशीलेला सांगितलं. त्या दिवशी ती मायशी बोलली नाही आणि माझ्याशीही नाही.

श्रावण वद्य ९

चारुशीलेला पुन्हा दिवस गेले आहेत. देवाची कृपा. फाल्गुनात होईल म्हणते.

फसली सन १३४७
माघ शुद्ध १०

आज जे घडलं ते जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी मी म्हटलं, "बाळंतपणाची तयारी आतापासून करू. माय आहेच."

चारुशीला डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई खोलीत नाई पायजेत."

"काऊन?"

"नाई पायजेत म्हनून."

"अगं, तिनं सुधाकरच्या वेळी—"

"त्याच्याच वेळी!" तिनं सूप बाजूला सारलं. "अवो, बयनाबाई माझ्या पाठीमागं होती. मले घेरी आली म्हनून तिनं काखेतून मले धरलं होतं. दोनी हातांनी. समोर आत्याबाई होत्या. बयनाबाई वरडून राह्यली, थांबा, ओढू नका, कळ येऊ द्या. ह्यांनी ओढलं. मी डोळ्यानं पाह्यलं."

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती नाही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती नाही म्हणाली नाही.

मी चारुशीलेला म्हटलं, "आणि तू इतके दिवस गप्प?"

"तुमी इचारलं ते असं की तिनंच ओढलं ना. तुमचं ठरलं होतं." मग म्हणाली, "आनि खरं सांगू? हाड मोडलं तवा आत्याबाईंनी माझ्याकडं पाह्यलं. पाच वर्सं वांझोटी म्हनून जाळलं मले ह्यांनी. त्या नजरेत मले दिसलं, आता ह्या माझ्या मुठीत आल्या. मी मूठ सोडली नाई. मले वाटलं, तुमी बयनाबाईले दोन शिव्या देसान आनि इसरसान. बोटं मोडसान असं नव्हतं वाटलं. मंग उशीर झाला. आनि शकुबाई मेली तवा तं बोलायची सोयच राह्यली नाई."

माय तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.

माघ शुद्ध १२

राग माझ्यात उकळतो आहे आणि त्याला जायला जागा नाही. मायला काय करू? चारुशीलेला माहेरी पाठवून द्यावं, परत आणूच नये, असंही काल मनात आलं. लिहून पाहिलं तर त्यात दम दिसत नाही. बयनाबाईनं तेव्हाच नाव का घेतलं नाही, असा तिच्यावरच पुन्हा राग येतो. राग करायची सवय लागली की माणूस बदलला तरी राग तोच राहतो.

माघ वद्य ६

पैनगंगा गुडघाभर आहे. चालत उतरलो. पलीकडे सोनबर्डीत बयनाबाई एका शेतात उरलासुरला कापूस वेचत होती. डाव्या हातानं. उजव्या हाताची मधली बोटं वाकडी बसली आहेत, मिटतच नाहीत. त्या हातानं ती ओटीचं तोंड फक्त धरून ठेवते.

मी म्हटलं, "बयनाबाई, मला कळलं."

ती वेचत राहिली. "उशिरा कळलं."

"तू चौकीवर नाव का घेतलं नाहीस?"

"तुमच्या मायचं नाव? गिरदावराच्या मायचं? साहेब, बोटांवर भागलं. नाव घेतलं असतं तं जीभ गेली असती."

मी म्हटलं चारुशीलेचे दिवस भरत आले आहेत. तू चल. पुन्हा झोपडीला जागा देतो, पाटलाला सांगतो.

तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "हात तं तुमी नेला माझा. आता राही करते, मी जवळ बसून सांगते. चारूसाठी मी येईन. पन एक करा. त्याच चौकीत, त्याच जवानासमोर, गाव जमवून सांगा हात कोनाचा होता."

"माझ्या आईचं नाव मी चारचौघांत कसं घेऊ?"

"माझं कसं घेतलंत?"

मी नदीपर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिचा निरोपही न घेता निघालो आहे.

माघ वद्य ९

चारुशीलेला सगळं सांगितलं. माय आतच होती, भांडी घासत. मी म्हटलं, मी अमीन साहेबांना एकट्यात सांगीन की गैरसमज झाला, कोणाचाच कसूर नव्हता. चारुशीला म्हणाली, "असं गोल बोलाल तं ते येनार नाई. आनि नाई आली तं मी शकुबाईच्या वाटेनं जाईन. तुमी ठरवा."

मी उद्यावर टाकलं.

माघ वद्य १०

उद्यावर टाकलं.

माघ वद्य ११

सकाळी तलाठी धापा टाकत आला. "साहेब, रेणुकाबाई चौकीवर गेल्या."

माझी माय देवळापलीकडे एकटी कधी गेली नाही. मी चप्पल न घालता धावलो. चौकीसमोर गाव जमलं होतं. हणमंताही होता. माय डोक्यावरून पदर ओढून मेजासमोर उभी होती आणि बोलत होती. आवाज बारीक होता, पण कोणी खोकलंही नाही.

"...माझी तीन लेकरं गेली व्यंकटेशच्या आधी. पहिलं पायाळूच होतं. थांबा थांबा म्हनत राह्यले आनि ते निळं होऊन गेलं. हे बी निळं पडून राह्यलं होतं. बयना म्हने थांबा. मले थांबवलं नाई. मी ओढलं. हाड मोडलं. हात माझा होता. आनि मार बयनानं खाल्ला, काऊन का मी बोलली नाई. सुनेची भीती वाटली, पोराची वाटली."

मग तिनं दोन्ही हात मेजावर ठेवले. कोणी सांगितलं नव्हतं.

अमीन साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग गर्दीतून माझ्याकडे. "बोलो गिरदावर साब. इनके हातां पे भी दो मारूँ?"

मी नजर काढून घेतली. तोच जवान कोपऱ्यात उभा होता, भिंतीकडे पाहत. गाव माझ्याकडे पाहत होतं आणि मला समजलं की त्या दिवशी मी खुर्चीवर बसलो होतो तेव्हाही हे सगळे असेच पाहत असतील, फक्त मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

माय म्हणाली, "त्याच्याकडं काऊन पाहता? मी बोलून राह्यली ना."

अमीन साहेबांनी हात हलवून तिला जायला सांगितलं. ती बाहेर आली, माझ्याजवळून गेली, थांबली नाही. हणमंता पुढे झाला. म्हणाला, "माय, कुठं जाता?" ती म्हणाली, "नदीपल्याड." त्यानं आपली बैलगाडी जुंपली. हणमंतानं! मी तिथेच उभा राहिलो.

दिवस मावळायच्या आत गाडी परत आली. बयनाबाई आणि राही त्यात होत्या. माय पायी चालत होती, गाडीच्या मागे.

माघ वद्य १४

मुलगी झाली. दुपारी, फार वेळ न लावता. बयनाबाईनं आधीच पोटावर डावा तळवा फिरवून सांगितलं होतं की डोकं खाली आहे. आत राहीचे हात आणि बयनाबाईचा आवाज. मी आणि माय ओसरीवर. पोर रडलं तेव्हा मायनं माझं मनगट धरलं आणि मी ते सोडवलं नाही.

बयनाबाई बाहेर आली. मला नाही, मायला सांगितलं, "पोरगी हाय. दोनी हात हलवते."

माय आत जायला उठली आणि दारात थांबली. आतून चारुशीला म्हणाली, "या." आणखी काही म्हणाली नाही. माय आत गेली.

माघ अमावास्या

बयनाबाई आज निघाली. मी तिला म्हटलं, झोपडीची जागा तशीच आहे, राहायला ये. ती म्हणाली, "तुमच्या हद्दीत मी राहत नाई. कोनी बोलावलं तं येईन, करून जाईन."

मी दिलेलं लुगडं तिनं ओट्यावरच ठेवलं. चारुशीलेनं दिलेलं घेतलं.

मला वाटलं होतं ती माफ केलं असं काहीतरी म्हणेल. म्हणत नाही असं पाहून मीच विचारलं, "अजून राग आहे?"

"हाय," ती म्हणाली. "तुमच्या लेकराचं हाड तीन आठवड्यांत जुळलं. माझी बोटं पानी आलं की ठनकते. ठनकायचं थांबलं का राग जाईन. तवर पुसू नका."

हणमंताच्या गाडीत दोघी बसल्या. माय नदीपर्यंत त्यांच्यासोबत गेली. मी गेलो नाही. मला कोणी चल म्हटलं नाही.